गॉथिक अक्षरवळण : दाटी आणि शीर्षक

'गॉथिक' ही संज्ञा मुळात दूषणवाचक होय. मध्ययुगीन अक्षर इटालियन मानवतावाद्यांना रानटी वाटले. रानटी म्हणजे गॉथांचे, असा तो हिशेब. वस्तुतः त्यातील 'टेक्स्टुरा' या वळणामागे निश्चित तर्क आहे. अरुंद, उभे दंड एकमेकांना खेटून येतात, त्यांच्या टोकांना शंकरपाळ्यासारखे तिरपे चौकोन असतात आणि पानाला विणलेल्या वस्त्राचा पोत लाभतो. नावातही विणकामच अभिप्रेत आहे. गुटेनबर्गने 1455 च्या सुमारास माइन्झ येथे छापलेल्या 42 ओळींच्या बायबलात हेच वळण खिळ्यांत उतरले.

या दाटीची किंमत मात्र वाचकाने मोजली. आय, एन, एम, यू ही अक्षरे एकाच दंडाच्या पुनरावृत्तीतून घडत असल्याने ती वेगळी ओळखणे कठीण होई. 'आय'वरील टिंबाचे मूळ याच अडचणीत आहे. सलग मजकुरातील हा दोष शीर्षकात गुण ठरतो, कारण दोन-चार शब्दांत घोटाळा होत नाही आणि थोड्या रुंदीत भरपूर उंची साधते. 'द न्यूयॉर्क टाइम्स'चे नाव आजही गॉथिक कुळातील अक्षरांतच छापले जाते. (अमेरिकन खिळेव्यवसायात मात्र 'गॉथिक' म्हणजे बहुधा सेरिफविरहित अक्षर, अभ्यासकाने येथे फसू नये.)

जर्मनीत या कुळातील 'फ्राक्टुर' नित्याच्या मजकुरातही दीर्घकाळ टिकले. राष्ट्रीय अक्षर म्हणून मिरवलेल्या या वळणाला नाझी पक्षाच्याच 3 जानेवारी 1941 च्या परिपत्रकाने 'ज्यू अक्षरे' ठरवून हद्दपार केले.