मुक्काम पोस्ट आणि पाच सेकंद

‘मु. कुडे, ता. तळा, जि. रायगड’ हा पत्ता आपण लिहितो डावीकडून उजवीकडे. टपालखाते मात्र तो शेवटाकडून वाचते. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या पिनकोडाने हीच रीत आकड्यांत बसवली. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवीही होते. ४ या आकड्याने विभाग कळतो, ४०२ म्हणताच रायगड, आणि शेवटचे तीन आकडे टपाल कार्यालयापर्यंत नेतात.

इंटरनेटवरील नावांची व्यवस्थाही अशीच आहे. सातबारा पाहण्यासाठी आपण ‘भूलेख डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन’ असे लिहितो. संगणकाला नाव नको, आकडी पत्ता हवा. तो शोधून देणारा सर्व्हर आधी ‘इन’ची चौकशी करतो, मग ‘गव्ह’, मग ‘महाभूमी’, शेवटी ‘भूलेख’. पूर्वी जगातल्या साऱ्या यंत्रांची नावे एकाच फाइलीत असत आणि ती कॅलिफोर्नियातील एका संशोधन संस्थेत सांभाळली जाई. यादी हाताबाहेर जाऊ लागली, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ही पायऱ्यापायऱ्यांची रचना मांडली. त्या जुन्या फाइलीचा वंशज आजही प्रत्येक लिनक्स संगणकात ‘होस्ट्स’ या नावाने नांदतो आहे.

मिळालेले उत्तर ठरावीक काळ जपून ठेवले जाते, म्हणून दर वेळी एवढी पायपीट होत नाही. नावाचा शोध एरवी डोळ्याची पापणी लवण्याआधी संपतो. तो रेंगाळला की एक विशिष्ट लक्षण दिसते: पान उघडायला बराच वेळ काहीच घडत नाही, आणि एकदा सुरू झाले की सारे भराभर येते. तळ्यासारख्या गावात अशा वेळी दोष रेंजला किंवा जुन्या संगणकाला दिला जातो आणि महागडा प्लॅन घेतला जातो. पैसे जातात, थांबणे तसेच राहते. कारण नळ मोठा केला, तरी अडचण नळाची नव्हतीच. पत्ता विचारण्याची होती.

मग ओळखावे कसे? टर्मिनलवर ‘डिग’ ही आज्ञा देऊन एखादे नाव विचारावे. उत्तराच्या तळाशी लागलेला वेळ मिलिसेकंदांत येतो. तेच नाव लगेच पुन्हा विचारावे. दुसरा आकडा एकदम खाली आला, तर जपणूक चालू आहे. मग तोच प्रश्न दुसऱ्या एखाद्या सर्व्हरला करावा. एक चटकन बोलतो आणि दुसरा गप्प राहतो, तर दोषी सापडला.

थांबणे नेमके पाच सेकंदांचे असेल, तर तो आकडाच साक्षीदार ठरतो. लिनक्सची नेहमीची शोधव्यवस्था यादीतल्या पहिल्या सर्व्हरची पाच सेकंद वाट पाहते आणि मगच पुढच्याकडे वळते. यादीत तीनच नावे चालतात. पहिलाच बंद पडलेला असेल, तर प्रत्येक नव्या नावाला हा दंड भरावा लागतो; आणि आजच्या एका पानात दहा-बारा नावे सहज असतात.

दुसरे कारण अधिक गमतीचे. संगणक जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पद्धतींचे आकडी पत्ते एकदमच मागतो. घरातले काही राउटर या जोडप्रश्नांपैकी एकाचे उत्तर गाळतात आणि संगणक ताटकळतो. ‘सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन’ हा पर्याय दिला, तर असे उत्तर हरवल्यावर दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारले जातात.

हे पर्याय ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ या फाइलीत असतात. मात्र तिथे १२७.०.०.५३ हा पत्ता दिसला, तर ती फाइल हाताने बदलू नये. मध्ये ‘सिस्टमडी-रिझॉल्व्हड’ नावाचा मध्यस्थ बसलेला आहे आणि आपली दुरुस्ती पुढच्या जोडणीला पुसली जाते. खरे सर्व्हर कोणते, हे ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ सांगते. बदल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये करावा.

उपाय म्हणून बहुतेक जण २००९ साली सुरू झालेला ८.८.८.८ किंवा २०१८चा १.१.१.१ हा सार्वजनिक सर्व्हर निवडतात. वेग बहुधा सुधारतो. पण आपण कोणते नाव कधी विचारले, हे ज्याला विचारले त्याला कळतेच. गावात घर विचारत जाणाऱ्या पाहुण्याची खबर नाक्यावरच्या दुकानदाराला आधी लागते, तसेच हे. म्हणून आधी मोजावे, मग दोष ठरवावा, आणि शेवटी कोणत्या दुकानदाराला विचारायचे ते आपणच निवडावे. बिघाड कुठे आहे हे ज्याला कळते, त्याला नको ती वस्तू विकणे कठीण जाते.