साऊंडचा धंदा : वॅट वाढविण्यापेक्षा काम वाढवा

बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर मार्च-एप्रिलमध्ये कारखान्यांवरून परतले की लग्नसराईला खरा जोर येतो. मग गेवराई, माजलगाव, केज, आष्टी, कोठेही जा. मंडपवाला, आचारी, बँडवाला आणि साऊंडवाला यांना उसंत नसते. या चारही धंद्यांत आपले कितीतरी कारागीर बांधव आहेत. वडिलांनी सायकलवर भोंगा आणि ॲम्प्लिफायर बांधून गावोगाव कॅसेटी वाजविल्या, आता मुलगा लॅपटॉप आणि कंट्रोलर घेऊन डीजे म्हणून कामे घेतो. धंदा तोच आहे, पण त्यात गुंतणारे भांडवल कितीतरी पटींनी वाढले आहे आणि जोखीमही तितकीच वाढली आहे.

होतकरू तरुण पहिल्याच वर्षी बेस आणि टॉपची भिंत उभी करतो. त्यासाठी व्याजाने पैसा काढतो. एखाद्या मिरवणुकीत रात्री दहानंतर आवाज चालू राहतो, सामान पोलीस ठाण्यात जमा होते, आणि हप्ते मात्र सुरूच राहतात. या धंद्यात नवे पाऊल टाकणाऱ्यांनी आणि जुन्यांनीही आधी एक गोष्ट समजून घ्यावी. गिऱ्हाईक टिकते ते स्वच्छ आवाजावर, वेळेवर आणि विश्वासावर. वॅटच्या आकड्यावर ते टिकत नाही.

वॅटचे गणित

ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला हा फरक जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल वाढ लागते, म्हणजे दहापट वॅट. यावरून पैसा कोठे वाया जातो हे कळेल.

स्पीकर घेताना वॅटच्या आधी त्याची संवेदनशीलता पाहावी. ती माहितीपत्रकात '१ वॅट, १ मीटर' अशी दिलेली असते. ९४ ऐवजी ९७ डेसिबलचा स्पीकर घेतला तर निम्म्या वॅटमध्ये तेवढाच आवाज मिळतो. वॅट पाहताना 'आरएमएस' आकडा पाहावा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला 'पीक' आकडा धंद्याच्या कामाचा नाही.

एक उदाहरण घेऊ. स्पीकर ९५ डेसिबलचा आहे आणि त्याला १०० वॅट दिले, तर १ मीटरवर ११५ डेसिबल आवाज होतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. या हिशेबाने ६४ मीटरवर, म्हणजे सुमारे २१० फुटांवरही ७९ डेसिबल उरतात. वस्तीत दिवसा किती आवाज चालतो ते पुढे दिले आहे. हा एकच पेटारा तेवढ्या अंतरावरही ती मर्यादा ओलांडतो. मग हजारो वॅटची भिंत कोणासाठी?

पहिली खरेदी

सुरुवातीला दोन चांगले टॉप, दोन बेस, एक मिक्सर, योग्य ताकदीचा ॲम्प्लिफायर आणि तीन-चार चांगले माईक एवढे पुरे. बॅटरीवर चालणारा एक जुन्या पद्धतीचा ॲम्प्लिफायर आणि दोन भोंगे जरूर ठेवावेत. वीज गेली की तेच अब्रू राखतात.

ॲम्प्लिफायर स्पीकरपेक्षा फार लहान घेऊ नये. लहान ॲम्प्लिफायर ताणून वाजविला की आवाज फाटतो आणि सर्वांत आधी हॉर्नचा डायफ्राम जळतो. ॲम्प्लिफायर स्पीकरच्या आरएमएसच्या साधारण दीडपट असावा आणि वाजविताना लाल दिवा लागू देऊ नये. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात, चार जोडले की २ ओहम. ॲम्प्लिफायर ४ ओहमपर्यंतचाच असेल तर तिसरा पेटारा जोडणे म्हणजेही ॲम्प्लिफायर जाळणे होय.

जुने सामान घेण्यात कमीपणा नाही. मात्र ते अर्धा तास वाजवून पाहावे, कोनला हलका दाब देऊन कॉईल घासत नाही ना ते बघावे आणि पावती घ्यावी. चोरीचे सामान स्वस्तात मिळते, पण ते हलालही नाही आणि परवडणारेही नाही.

वीज आणि जीव

खेड्यात आकडा टाकून वीज घेण्याची सवय सोडावी. जोडणीपूर्वी मीटरने दाब तपासावा. न्यूट्रल सुटलेला असेल तर २३० व्होल्टच्या जागी ४०० पर्यंत दाब येऊन सारे सामान एका क्षणात जाऊ शकते. ५ केव्हीए जनरेटरवर ४ किलोवॅटच्या वर भार टाकू नये आणि त्यातही थोडी जागा राखावी.

गुणगुण येते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कापणे ही फार वाईट सवय आहे. माईक ओठाजवळ धरणाऱ्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे. मुख्य बोर्डावर ३० मिलिॲम्पियरचे अर्थ लिकेज ब्रेकर बसवावे. त्याचा खर्च एका लग्नाच्या बिदागीहून कमी आहे. गाडीवर सामान रचताना रस्त्यावरच्या तारांची उंची लक्षात ठेवावी. गाडीचा सांगाडा आरटीओच्या मंजुरीशिवाय बदलणे मोटार वाहन कायद्यानुसार चालत नाही, हेही ध्यानात असावे.

सुरू करताना आधी मिक्सर आणि शेवटी ॲम्प्लिफायर. बंद करताना आधी ॲम्प्लिफायर. हा क्रम हाताखालच्या मुलांना पाठ करवावा. उन्हाळ्यात ॲम्प्लिफायर सावलीत ठेवून त्याच्या पंख्यावरची धूळ दर आठवड्याला काढावी.

गाण्यांचा साठा

मोबाईलवर फिरत आलेली गाणी लहान स्पीकरवर बरी वाटतात. मोठ्या टॉपवर ती कर्कश होतात. शक्य तेथे गाणे विकत घेऊन मूळ दर्जाचे किंवा निदान ३२० केबीपीएसचे ठेवावे. प्रत्येक प्रसंगाचा वेगळा कप्पा करावा : हळद, वरात, हम्द-नात, कव्वाली, भीमगीते, शिवजयंती, गणेशोत्सव, देशभक्तीपर गीते. गाण्याचे नाव स्वतःला चटकन सापडेल असे लिहावे. साऱ्या साठ्याच्या दोन प्रती असाव्यात, एक लॅपटॉपमध्ये आणि एक वेगळ्या पेन ड्राईव्हवर. ऐन कार्यक्रमात इंटरनेटच्या भरवशावर राहू नये.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, प्रत्येक गाणे साठ्यात घेण्यापूर्वी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावे. काही रिमिक्समध्ये मध्येच दुसऱ्या समाजाला डिवचणाऱ्या घोषणा घातलेल्या असतात. मशिदीसमोर असो की मंदिरासमोर, असे गाणे वाजले तर गाव पेटायला वेळ लागत नाही. दोन समाजांत तेढ वाढविणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खालील गुन्हा आहे आणि 'गिऱ्हाईकाने पेन ड्राईव्ह दिला होता' ही सबब वाजविणाऱ्याला वाचवीलच असे नाही. बाहेरचा पेन ड्राईव्ह न लावण्याचा नियमच करून तो बुकिंगच्या चिठ्ठीवर छापावा.

गाण्याच्या हक्कांबाबतही थोडे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधीप्रसंगी, आणि त्यातच लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले समारंभ येथे, गाणी वाजविण्यास सूट आहे. हॉटेलचे कार्यक्रम, दुकानाचे उद्घाटन, तिकीट लावलेला जलसा यांना ती लागू नाही. तेथे परवाना लागतो. हॉटेलमधील लग्नांवरून वाद न्यायालयांत गेले आहेत, म्हणून असे काम घेताना परवाना कोण काढणार हे आधी लिहून घ्यावे.

कार्यक्रम चालविताना

कामाच्या एक तास आधी पोहोचून सर्व माईक तपासावेत. माईक नेहमी स्पीकरच्या मागे असावा. तो पुढे आला की शिट्टी सुरू होते. लांब मंडपात समोर एकच मोठा ढीग लावण्याऐवजी दर पन्नास-साठ फुटांवर लहान स्पीकर लावावेत. पुढच्यांचे कान वाचतात आणि मागच्यांना शब्द कळतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे ३४ मीटर मागे लावलेल्या स्पीकरला सेकंदाच्या दहाव्या भागाचा विलंब द्यावा. नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

निकाहचा खुतबा, वृद्धांची पंगत आणि वरात यांना एकच आवाज चालत नाही. अजानची आणि आरतीची वेळ आधी विचारून घ्यावी आणि कोणी सांगण्यापूर्वी आवाज बंद करावा. डोळ्यांवर येणारे लेझर झोत तर वापरूच नयेत.

कायदा काय सांगतो

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ व रात्रीची ४५ डेसिबल आहे. व्यापारी भागात ६५ आणि ५५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेहून १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जो आकडा कमी असेल त्याच्या आत हवा. म्हणजे वस्तीत दिवसा ६५. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. त्या दिवसांची जाहीर यादी दुकानात लावून ठेवावी. शांतता क्षेत्रात, उदाहरणार्थ अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयासारख्या रुग्णालयाच्या आसपास, काम घेताना दुप्पट काळजी घ्यावी.

हा नियम कोणा एका समाजासाठी नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ईद-ए-मिलादच्या जुलूसातील डीजे आणि लेझरविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा जे गणेशोत्सवात घातक ते ईदलाही घातकच, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

बारा महिन्यांची रोजी

वरातीचे काम दोन-अडीच महिन्यांचे. बोलण्याचे काम वर्षभराचे. आपल्या जिल्ह्यात गावोगावी हरिनाम सप्ताह होतात. एक सप्ताह म्हणजे सात दिवसांचे बुकिंग, आणि तेथे कीर्तनकाराचा शब्द, मृदंग व पेटी स्वच्छ ऐकू आली की पुढच्या वर्षी बोलावणे येतेच. इज्तेमा, सीरतचे जलसे, शाळांची स्नेहसंमेलने, १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, शेतकरी मेळावे, प्रचारसभा अशी कामे वेगळीच. संगीताच्या कामाबाबत ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनाही या कामांवर संपूर्ण धंदा उभा करता येतो.

दुकानात इंग्रजी आणि हिजरी अशी दोन्ही कॅलेंडरे असावीत. हिजरी वर्ष दरवर्षी १०-११ दिवस मागे सरकते. २८ सप्टेंबर २०२३ रोजी ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आल्या आणि मुंबईसह अनेक ठिकाणी मुस्लिम बांधवांनी जुलूस पुढे ढकलला. अशा तारखा वर्षभर आधी पाहिल्या तर दोन बुकिंगची टक्कर होत नाही.

हिशेबाची एक सोपी रीत सांगतो. समजा ३ लाखांचे सामान पाच वर्षे चालणार आहे. मग दर महिन्याला ५ हजार रुपये बाजूला टाकल्याशिवाय उरलेला पैसा नफा म्हणू नये. व्याजाच्या कर्जाऐवजी दोघा-तिघांनी भागीदारीत सामान घ्यावे. एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत, आणि नफ्याचा वाटा आधी ठरलेला. तारीख, बंद करण्याची वेळ, आगाऊ रक्कम, जनरेटर कोणाचा, परवानगी कोण काढणार, हे सारे चिठ्ठीवर लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनातच आहे (सूरह बकरह, आयत २८२).

शेवटी स्वतःच्या कानांविषयी. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात दिवसाकाठी आठ तासांपर्यंत काम करता येते. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती अवघी १५ मिनिटे उरते. डीजेच्या भिंतीमागे पोरे पाच-पाच तास उभी असतात. सकाळी कानात आवाज घुमत असेल तर तो कान जात असल्याचा इशारा समजावा. कानात घालायचे फोमचे बोळे थोड्या पैशांत मिळतात. ते हाताखालच्या प्रत्येक मुलाला द्यावेत आणि वापरायला लावावेत. हजरत लुकमान यांनी आपल्या मुलाला आवाज हळू ठेवण्याची नसीहत केली (सूरह लुकमान, आयत १९). आवाज विकून पोट भरणाऱ्याने तर ती आधी ऐकावी. कान गेल्यावर हा धंदाही करता येत नाही.