खंजिरी आणि दंडार : चिमूर ते वडसा

भंडारा आणि गोंदिया हे जिल्हे, चंद्रपूरचा पूर्वभाग आणि गडचिरोली मिळून जो धानाचा आणि जंगलाचा पट्टा होतो, त्याला झाडीपट्टी म्हणतात. या पट्ट्यातले गाणे बसून राहिलेले नाही. ते दिवाळीनंतर गाव सोडते, मुक्काम करीत फिरते आणि होळीच्या सुमारास घरी परतते. चिमूर या पट्ट्याच्या पश्चिम कडेला आहे. गावाच्या पूर्वेला नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी अशी धानाची आणि झाडीबोलीची गावे लागतात. पश्चिमेला वर्धा-नागपूरकडचा कापसाचा मुलूख सुरू होतो. त्यामुळे फिरत्या गाण्याच्या दोन धारा येथे एकत्र आल्या. पूर्वेकडची दंडार आणि नाटक ही एक, पश्चिमेकडून आलेले खंजिरी भजन ही दुसरी. गेल्या शंभर वर्षांत या दोन्ही धारांचे काय झाले, हे पाहायला चिमूरइतकी सोयीची जागा नाही.

सर्वांत जुना थर दंडारीचा. दंडार ही कोणा कंपनीची नसे. ती गावाची असे. दिवसा नांगर धरणारे, बांध घालणारे हात रात्री ढोलकी आणि टाळ घेत. पुरुषच लुगडे नेसून स्त्रीपात्रे करीत. गाणे, नाच आणि मधूनच उभा राहणारा एखादा सोंगाचा प्रसंग, असा तिचा घाट होता. दंडारीच्या शेजारी खडी गंमत होती. नावाप्रमाणेच ती उभ्याने चाले: शाहीर पुढे, झीलकरी मागे, बाईचा वेश घेतलेला नाच्या मध्ये आणि प्रेक्षक चहूबाजूंनी. डहाका, भिंगीसोंग, गोंधळ, कीर्तन हे प्रकारही याच रात्रींचे. यातला एकही प्रकार दुसऱ्यापासून सोवळा राहिला नाही. दंडारीत लावणीची चाल शिरली आणि गमतीत अभंग आला. शेजारच्या गोंड वस्त्यांतल्या ढोलाचा ठेका तर सगळ्यांच्याच कानांत होता. लोकसंगीताची शुद्धता शोधणाऱ्याला झाडीत काही सापडणार नाही. येथे मिसळ हाच मूळ प्रकार आहे.

हे सारे धानावर उभे होते. कापणी झाली की घरात दाणे येत, हातात पैसा येई आणि थंडीच्या लांब रात्री मोकळ्या होत. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरे. मंडई म्हणजे एका दिवसाची जत्रा. पाहुण्यांना निमंत्रणे जात, लेकी माहेरी येत, मुलामुलींच्या सोयरिकींची बोलणीही तेथेच निघत. रात्री दंडार असेच. पुढे शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, आणि नाटक यांचीही अशीच जोडी जमली. चिमूरला याखेरीज बालाजीच्या घोडायात्रेची माघातली गर्दी मिळे.

दुसरी धारा एका माणसाच्या पायांनी आली. माणिक बंडोजी इंगळे, म्हणजेच राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, यांचा जन्म 30 एप्रिल 1909 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावली येथे झाला. तरुणपणी ते चिमूर भागातल्या रामदेगीच्या जंगलात राहिले. चिमूर तालुक्यातलीच गोंदोड्याची गुंफा आजही त्यांची तपोभूमी मानली जाते. त्यांच्या हातात खंजिरी होती. खंजिरी म्हणजे एका हातात मावणारे, कडेला झांजा बसवलेले चर्मवाद्य. ते काखेत मारून दिवसभर चालता येते, त्याला बैठक लागत नाही, रंगमंच लागत नाही. तुकडोजींच्या भजनात वारकरी भजनाची ठेवण होती, हिंदी संतपदांची भाषा होती आणि लोकगीतांचा ठेका होता. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत त्यांनी हजारो भजने रचली. तिकीट नव्हते, पडदा नव्हता. व्यसन सोडा, गाव झाडा, शिका, अस्पृश्यता पाळू नका, हे सारे ऐकणाऱ्याच्या ओठांवर बसेल अशा चालीत सांगितले जाई. 1935 मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि 1936 मध्ये गांधीजींच्या सहवासात काही काळ राहिले.

1942 च्या ऑगस्टमध्ये या भजनाची ताकद चिमूरने पाहिली. तुकडोजींच्या भजनांनी या भागातला तरुण आधीच पेटलेला होता. 16 ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरमध्ये ‘चले जाव’ची मिरवणूक निघाली, गोळीबार झाला आणि बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा मारला गेला. खवळलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकाऱ्यांचेही प्राण गेले. तीन दिवस गावावर इंग्रजांची सत्ता उरली नव्हती. 19 तारखेला फौज पोहोचली आणि तिने गावावर, विशेषतः बायकांवर, जे अत्याचार केले त्यांची चौकशी व्हावी म्हणून गांधीवादी प्राध्यापक भन्साळी यांनी दीर्घ उपोषण केले. 28 ऑगस्टला तुकडोजींना चंद्रपुरात अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवून डिसेंबरमध्ये त्यांना सोडले. फिरत्या गायकाला त्याच्या गाण्यासाठी सरकारने तुरुंगात टाकावे, एवढे वजन त्या खंजिरीला आले होते.

सुटकेनंतर श्रीगुरुदेव सेवामंडळ उभे राहिले आणि एका माणसाचे फिरणे गावोगावच्या भजन मंडळांत वाटले गेले. 1955 मध्ये ‘ग्रामगीता’ आली. त्याच वर्षी जपानमधल्या विश्वधर्म परिषदेत खंजिरी वाजली. 1962 आणि 1965 च्या युद्धकाळात तुकडोजी सीमेवर जवानांपुढे गायले. 11 ऑक्टोबर 1968 रोजी त्यांचे निधन झाले, पण मंडळे थांबली नाहीत. सात खंजिऱ्या एकाच वेळी वाजवून कीर्तन करणारे सत्यपाल महाराज हे याच परंपरेचे पुढचे रूप आहे.

तुकडोजी खंजिरी घेऊन फिरत होते, त्याच सुमारास अमेरिकेतल्या डोंगराळ भागातले गाणेही फिरत होते. 1927 च्या उन्हाळ्यात ब्रिस्टल गावात कार्टर कुटुंबाची आणि जिमी रॉजर्सची गाणी ध्वनिमुद्रित झाली. 1939 मध्ये केंटकीचे बिल मन्रो ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नभोवाणी कार्यक्रमात आले आणि त्यांच्या ब्लू ग्रास बॉईज या मेळ्यावरून एका संगीतप्रकारालाच नाव मिळाले. तेथेही मिसळच होती: स्कॉटलंड-आयर्लंडकडचे फिडल, आफ्रिकेतून गुलामांबरोबर आलेल्या वाद्यांतून घडलेला बँजो, चर्चमधली भजने आणि काळ्या लोकांचे ब्लूज. मन्रो तंबू घेऊन गावोगाव फिरत. फरक एवढाच की त्यांचे गाणे तबकडीवर आणि नभोवाणीवर आधी पोहोचे आणि मेळा मागून येई. झाडीत मेळा आला नाही तर गाणेही आले नाही. म्हणून येथे फिरणे हा धंद्याचा भाग नव्हता. गाणे जिवंत राहण्याची ती एकमेव रीत होती.

आता पुन्हा पूर्वेकडची धारा. संगीत नाटकाची हवा झाडीत पोहोचली, तेव्हा दंडारीच्याच माणसांनी पडदा बांधला. गावातल्या हौशी मंडळींच्या जागी हळूहळू नाटक कंपन्या आल्या आणि त्यांचे ठाणे वडसा झाले. देसाईगंज हे त्याचे दुसरे नाव. गडचिरोली जिल्ह्यातले रेल्वे स्थानक तेवढेच, भाताच्या गिरण्याही तेथेच. चहूबाजूंच्या गावांना तारखा ठरवायला येणे सोपे. आज पन्नासच्या आसपास कंपन्यांचा कारभार या भागातून चालतो. गावातले मंडळ कंपनीला ठराविक रक्कम देऊन प्रयोग घेते, तिकिटे विकते आणि तोट्याची जोखीमही तेच उचलते. उरलेला पैसा पुष्कळ ठिकाणी देवळाला किंवा गावाच्या कामाला जातो.

प्रयोग रात्री दहाच्या पुढे सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. बांबू आणि कापडाचा मंडप, खाली तणस, अंगावर घोंगडी किंवा ब्लँकेट. वादक रंगमंचासमोरच बसतात: ऑर्गन, तबला, ढोलकी आणि अलीकडे ऑक्टोपॅड. नट स्वतः गातो, ध्वनिमुद्रित गाण्यावर ओठ हलवत नाही. नाट्यपद, लावणी, भजन आणि गाजलेल्या सिनेगीताची चाल एकाच रात्री ऐकायला मिळते. प्रयोग संपला की गाडी पुढच्या गावाला लागते, झोप वाटेतच. कुरखेडा तालुक्यातले परशुराम खुणे यांनी अशा नाटकांचे पाच हजारांवर प्रयोग केले. ‘एकच प्याला’, ‘सिंहाचा छावा’, ‘मरीमायचा भुत्या’ ही त्यांतली काही. विनोदी भूमिकांनी त्यांना झाडीचे दादा कोंडके ही ओळख दिली आणि 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. झाडीच्या रंगभूमीला दिल्लीने दिलेली ही दाद फार उशिरा आली, पण योग्य घरी आली.

अडथळे कमी आले नाहीत. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, तेव्हा शंकरपटाच्या गर्दीवर बेतलेले प्रयोग अडचणीत आले. डिसेंबर 2021 मध्ये पटाला पुन्हा परवानगी मिळाली. त्याआधी कोरोनाने नटांची आणि वादकांची वर्षाची कमाई हिरावली होती. आता डान्स हंगामा नावाचे स्वस्त कार्यक्रम मंडईच्या तारखा पळवू पाहतात. तरीही नाटक टिकून आहे, कारण त्याचा प्रेक्षक घरचा आहे.

दंडारीचे तसे नाही. नाटकाने तिचे नट घेतले, चाली घेतल्या, मंडईची रात्रही घेतली. डॉ. हरिश्चंद्र बोरकर आणि झाडीबोली साहित्य मंडळ यांनी या बोलीचे आणि तिच्या लोककलांचे जे संकलन केले, त्यामुळे पुष्कळ काही कागदावर आले. पण चाल कागदावर येत नाही. चिमूर, नागभीड, सिंदेवाहीच्या गावांत म्हाताऱ्या शाहिरांच्या वह्या अजून फळीवर आहेत आणि त्या गाऊन दाखवणारे गळेही आहेत. ज्यांच्या घरी अशी वही असेल त्यांनी ती रद्दीत जाऊ देऊ नये आणि यंदाची मंडई येईल तेव्हा आजोबांसमोर फोन ठेवून त्यांच्याकडून ती वही पहिल्यापासून शेवटपर्यंत गाऊन घ्यावी.