तऱ्हाळ्याचे राजे आणि १९३९ चा रुपया

वाशीम जिल्ह्यातल्या मंगरुळपीर तालुक्यात तऱ्हाळा नावाचे गाव आहे. १९३९ साली तिथे जुन्या नाण्यांचा साठा सापडला, साधारण सोळाशे नाण्यांचा. त्यात सोने नव्हते आणि चांदीही नव्हती. नाणी होती पोटीनची, म्हणजे तांब्यात कथील-शिसे मिसळून केलेल्या हलक्या धातूची. गुप्तधनाच्या आशेने कोणी ती पाहिली असती तर कपाळाला हात लावला असता. एका अंगाला सोंड उचललेला हत्ती, दुसऱ्या अंगाला जोडलेली चार वर्तुळे (अभ्यासक याला उज्जयिनी चिन्ह म्हणतात) आणि कडेने ब्राह्मी अक्षरे.

ही अक्षरे इतिहासाचे अभ्यासक वासुदेव विष्णु मिराशींनी वाचली आणि एकेक सातवाहन राजा पुढे येऊ लागला. गौतमीपुत्र सातकर्णी, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी हे ओळखीचे होते. विजय या राजाचे नाव पुराणांतल्या वंशावळीत होते. पण त्यांच्यामागून कुंभ आला, कर्ण आला, शक आला. या तिघांना पुराणांनी कधी मोजलेच नव्हते. नखाएवढ्या हिणकस धातूच्या तुकड्यांनी तीन राजे इतिहासात परत आणून बसवले!

मला यात जितका आनंद वाटतो तितकीच धास्तीही वाटते. राजा जर नाण्याच्या भरवशावर उभा असेल, तर खोटे नाणे खोटा राजाही उभा करू शकेल. तऱ्हाळ्याच्या साठ्याची थोरवी इथे कळते. शेकडो नाणी एकत्र, एकाच मातीत मुरलेली. अनोळखी राजा ओळखीच्या राजांच्या पंगतीत बसलेला. बाजारात मिळणाऱ्या सुट्या नाण्यासोबत अशी पंगत नसते. त्याच्यासोबत असते फक्त गोष्ट, आणि ती बहुधा ‘नांगरताना सापडलं’ अशीच असते.

मग पारखायचे कसे? पहिला प्रश्न असा, की नाणे पाडलेले आहे की ओतलेले? जुन्या टांकसाळीत धातूची चकती दोन ठशांमध्ये ठेवून वर हातोडा हाणत. त्या दणक्याने धातू ठशाच्या खोबणीत शिरतो, अक्षरांच्या कडा ताठ उठतात. नकल करणारा सहसा खऱ्या नाण्याचा साचा घेतो आणि त्यात वितळलेला धातू ओततो. आता गंमत पाहा. धातू थंड होताना आक्रसतो, म्हणून ओतीव नकल मुळापेक्षा किंचित लहान भरते. अडकलेल्या हवेची बारीक छिद्रे पृष्ठभागावर राहतात, अक्षरे साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होतात, कडेला साच्याच्या जोडाची रेघ दिसते. शिवाय साचा प्रामाणिक असतो. मूळ नाण्यावरचा ओरखडाही तो उचलतो. दोन नाण्यांवर अगदी त्याच जागी तोच ओरखडा दिसला, की समजावे, ही जुळी भावंडे अलीकडच्या काळातली आहेत.

शिवराईच्या बाबतीत याच्या उलट कसोटी लावता येते. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे असलेल्या या तांब्याच्या नाण्याचा ठसा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे खऱ्या शिवराईवर सहसा एखादे अक्षर तुटलेले असते, एखादे बाहेर गेलेले असते. सगळा मजकूर मधोमध, नीटनेटका आणि पूर्ण दिसला तर हरखून न जाता थोडे थांबावे.

खोटे ओळखण्याची ही हुशारी आजची नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खोटी नाणी पाडणाऱ्याला ओळखायच्या खुणा दिल्या आहेत. जो नाना धातू, क्षार, कोळसे, भाते, सांडशी, ऐरण, ठसे, मुशी वारंवार विकत घेतो, ज्याचे हात आणि कपडे काजळी-राखेने माखलेले असतात, त्याच्यावर नजर ठेवा. पुढची युक्ती तर एखाद्या गुप्तहेरकथेत शोभेल. सरकारी हेराने त्याचा चेला बनून घरात शिरायचे आणि मग त्याचे बिंग फोडायचे.

आपल्या भाषेनेही हा सगळा व्यवहार पोटात साठवून ठेवला आहे. सराफ आणि पोतदार नाणी पारखत. परक्या किंवा झिजलेल्या नाण्यामागे कापला जाई तो बट्टा, तो पुढे माणसाच्या नावाला लागू लागला. कसोटीचा काळा दगड, वरचा मुलामा, खणखणीत, बंदा रुपया, वाजवून घेणे हे सगळे शब्द आपण रोज वापरतो. मात्र ते वापरताना सराफाचे दुकान काही आठवत नाही.

पण नाण्यात केलेला बदल दर वेळी लबाडीच असतो का? नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा निघाला, १३ हजारांहून अधिक नाण्यांचा. सगळी क्षहरात राजा नहपानाची, त्याचा मुखवटा असलेली. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर मात्र दुसराच ठसा चढलेला होता. नहपानाला हरवल्यावर गौतमीपुत्र सातकर्णीने शत्रूची नाणी वितळवण्याचे कष्ट घेतले नाहीत. त्याच्या तोंडावरच आपली चिन्हे आणि नाव उमटवले. अनेक नाण्यांत खालचा नहपान अजून डोकावतो. कुठे नाक दिसते, कुठे त्याच्या नावाचे अर्धे अक्षर. हा बदल लपवायचा नव्हता, जगाला दाखवायचा होता.

याच्या दुसऱ्या टोकाला आहे अनेकांच्या देवघरातले एक ‘कंपनीचे नाणे’. राम-सीता किंवा हनुमान, मागे ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘वन आना’, ‘यू. के.’ आणि १६१६, १७१७ किंवा १८१८ असे साल. यासाठी भिंगसुद्धा लागत नाही. १६१६ मध्ये युनायटेड किंगडम नावाचे राज्यच नव्हते, ते झाले १८०१ मध्ये. कंपनीने अर्धा आणा, पाव आणा पाडले. आपल्याकडे एक आण्याचे नाणे निघाले ते १९०७ मध्ये, कंपनी बुडाल्यावर कितीतरी वर्षांनी, आणि तेही नागमोडी कडेचे. पूजेला हे नाणे खुशाल ठेवावे, देवाला सालाशी काय देणे! पण ‘लाखांत किंमत’ म्हणून कोणी विकू लागला तर नमस्कार करून उठावे.

सर्वांत अवघड फसवणूक साल बदलण्याची असते. जॉर्ज सहाव्याचा १९३९ चा चांदीचा रुपया, ज्या साली तऱ्हाळ्याचा साठा निघाला त्याच सालचा, संग्राहकांच्या जगात अतिशय दुर्मिळ आहे. १९३८ चा मात्र सहज मिळतो. म्हणून १९३८ च्या रुपयाचाच १९३९ चा करतात. असा रुपया तराजूवर ठेवा, ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून तोला, सव्वा ग्रॅमपेक्षा थोडे कमीच वजन घटेल. तांबे-निकेलची नकल असती तर त्याहून जास्त घटले असते. वाजवा, खणखणीत वाजेल. चांदी खरी, ठसा खरा, टांकसाळ खरी, पण कोणीतरी बारीक छिन्नीने इंग्रजी 8 च्या खालच्या गोळ्याची डावी बाजू खरवडून त्याचा 9 केलेला असतो. दहापट भिंगाखाली, आडवा उजेड पाडून पाहिले, की त्या 9 च्या पोटाशी धातू जरा जास्तच गुळगुळीत दिसतो, आणि नीट निरखले तर तिथे पुसून टाकलेल्या आठाची कमान अजून अंधूक उमटलेली असते.