परकी डिस्क, आपली फाइल

पंचगंगेला पूर आला की कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे, हे सगळे कोल्हापूर विचारते. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी दोन्ही पातळ्या मागे टाकून ५५ फुटांच्या वर गेले. अशा वेळी आधी माणसे आणि जनावरे हलतात, मग धान्य, मग कागदपत्रे. पण आज कागदपत्रांचा मोठा भाग संगणकात असतो: ऊसबिलांचे हिशेब, सोसायटीची खाती, दुकानाची उधारी, लग्नाचे फोटो. संगणक हलवायचा राहून गेला आणि पाण्याने त्याचा मदरबोर्ड निकामी केला, तरी आतली डिस्क कोरडी राहिली असेल तर तिच्यावरची माहिती जागच्या जागी असते. डिस्कच भिजली असेल तर मात्र तिला वीज देऊ नये. ते काम जाणकारांवर सोपवावे.

समजा, अशी कोरडी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली. डिस्क विंडोजवर वाढलेली, संगणक लिनक्सवर चालणारा. दोघांची फाइल ठेवण्याची रीत वेगळी. तरीही काही क्षणांत फोल्डर दिसू लागतात आणि फाइल उघडते. या साध्या वाटणाऱ्या घटनेमागे पन्नास वर्षांचे काम आहे.

डिस्कला फाइल, फोल्डर, नाव, तारीख यांतले काहीच कळत नाही. तिच्याकडे असतात ते फक्त क्रमांक दिलेले कप्पे, प्रत्येकी ५१२ किंवा ४०९६ बाइटचे. कोणत्या कप्प्यांत कोणती फाइल आहे, तिचे नाव कुठे लिहिले आहे, मोकळी जागा कुठे आहे, याचा आराखडा म्हणजे फाइल सिस्टिम. विंडोजची एनटीएफएस १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आली. लिनक्सवर सध्या सर्वाधिक दिसते ती ईएक्सटी-४. पेन ड्राइव्हवर फॅट-३२ किंवा एक्सफॅट असते. ॲपलचे आराखडे आणखी वेगळे.

कोल्हापूर संस्थानच्या दप्तरात मोडीतले कागद मोठ्या संख्येने आहेत. भाषा मराठी, शाई ठळक, कागद शाबूत. पण मोडी न येणाऱ्याला त्यातली एक ओळही लागत नाही. अनोळखी फाइल सिस्टिमसमोर संगणकाची अवस्था अशीच होते. ईएक्सटी-४ची डिस्क विंडोजला जोडली तर ती वाचता येत नाही, आणि ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ अशी सूचना समोर येऊ शकते. तिथे होकार दिला की चांगल्या डिस्कवरचा आराखडा पुसला जातो. सूचना आली म्हणजे डिस्क बिघडली असे नव्हे. तो आराखडा त्या संगणकाला वाचता येत नाही, एवढाच तिचा अर्थ असू शकतो.

बाहेरची डिस्क जोडण्याच्या प्रश्नाकडे युनिक्सने सुरुवातीपासून वेगळ्या नजरेने पाहिले. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या या प्रणालीच्या १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेतच ‘माउंट’ ही आज्ञा आहे. विंडोजमध्ये प्रत्येक डिस्कला सी, डी, ई अशी अक्षरे मिळतात. युनिक्समध्ये सगळ्या फाइलींचा एकच वृक्ष असतो आणि त्याचे मूळ एकच. नवी डिस्क आली की तिचा सगळा पसारा या वृक्षातल्या एखाद्या रिकाम्या फोल्डरवर बसवायचा. हेच माउंट करणे. त्यानंतर त्या फोल्डरमध्ये शिरणारा प्रोग्रॅम प्रत्यक्षात दुसऱ्या डिस्कवर जातो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. काम संपले की अनमाउंट करायचे. तेव्हा मेमरीत थांबलेले लेखन डिस्कवर उतरते. पेन ड्राइव्ह तसाच ओढून काढू नये, त्याचे कारण हेच.

पण डिस्क परक्या आराखड्याची असेल तर? १९८५ च्या सुमारास सन मायक्रोसिस्टिम्सच्या अभियंत्यांनी यावर चांगला तोडगा काढला. फाइल उघडणे, वाचणे, लिहिणे, यादी दाखवणे ही कामे सगळीकडे सारखीच. मग कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, या कामांचा एक समान थर ठेवायचा आणि प्रत्येक फाइल सिस्टिमने आपापल्या पद्धतीने ती कामे करून द्यायची. युनिक्सच्याच वळणाच्या लिनक्समध्ये याला व्हीएफएस, म्हणजे व्हर्च्युअल फाइल सिस्टिम म्हणतात. लिनस टॉर्वाल्ड्स यांच्या १९९१ च्या लिनक्सला स्वतःची फाइल सिस्टिमही नव्हती. ते मिनिक्स या शिकवणीच्या प्रणालीचा आराखडा वापरत होते. त्यात डिस्कचा विभाग ६४ मेगाबाइटपेक्षा मोठा करता येत नसे आणि फाइलच्या नावात १४ अक्षरांपलीकडे जाता येत नसे. १९९२ मध्ये हा समान थर आला आणि त्याच्या आधाराने रेमी कार्ड यांची ‘एक्सटेंडेड’ फाइल सिस्टिम उभी राहिली. आजची ईएक्सटी-४ तिचीच वंशज. परक्या आराखड्यांसाठीही तोच दरवाजा उघडा झाला.

माउंट करताना आराखडा ओळखला जातो तो डिस्कवरच्या खुणांनी. एनटीएफएसच्या पहिल्या कप्प्यात चौथ्या बाइटपासून एन, टी, एफ, एस ही अक्षरे लिहिलेली असतात. ईएक्सटी-४ मध्ये पहिले १०२४ बाइट सोडून सुपरब्लॉक नावाची नोंद असते आणि तिच्यात ठरलेली दोन बाइटची खूण. खूण पटली की त्या आराखड्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो जाणणारा प्रोग्रॅम, पुढची जबाबदारी घेतो.

मराठी वाचकासाठी खरी गंमत फाइलींच्या नावांत आहे. ‘कसबा बावडा’ हे फोल्डरचे नाव घ्या. काना धरून नऊ देवनागरी चिन्हे आणि एक मोकळी जागा, अशी दहा चिन्हे. एनटीएफएस ती युनिकोडच्या यूटीएफ-१६ या संकेतपद्धतीत साठवते: प्रत्येकी दोन बाइट, एकूण २०. लिनक्सवर नावे सहसा यूटीएफ-८ मध्ये असतात: प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट, मोकळ्या जागेला एक, एकूण २८. नाव एकच, पण डिस्कवरचे आकडे वेगळे. फोल्डर उघडताना ड्रायव्हर हे रूपांतर मुकाट्याने करतो. माउंट करताना त्याला जुनी युरोपीय वर्णमाला वापरायला सांगितली, तर देवनागरीला तिथे जागाच नसते आणि नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसू शकते. फाइल शाबूत असते, पर्याय चुकलेला असतो. अनमाउंट करून यूटीएफ-८ च्या पर्यायाने पुन्हा माउंट केले, की नावे परत येतात.

नावाच्या लांबीचाही फरक आहे. एनटीएफएसवर नाव २५५ चिन्हांपर्यंत चालते. ईएक्सटी-४ ची मर्यादा २५५ बाइटची, म्हणजे देवनागरीत जेमतेम ८५ चिन्हे. इंग्रजी नावांना ही भिंत क्वचितच लागते. शासकीय परिपत्रकाचा अख्खा विषय फाइलला नाव म्हणून देणाऱ्या मराठी कार्यालयाला मात्र ती लागते, आणि नक्कल करताना ती फाइल मागे राहते.

त्याहून सूक्ष्म गोष्ट ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावात दडली आहे. यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. ॲपलच्या जुन्या एचएफएस-प्लसने अशी अक्षरे फोडून साठवण्याची रीत ठेवली होती. ईएक्सटी-४ नाव जसे आले तसे ठेवते. म्हणून एकाच फोल्डरमध्ये डोळ्यांना अगदी सारख्या दिसणाऱ्या ‘शेतकऱ्यांची यादी’ नावाच्या दोन वेगळ्या फाइली राहू शकतात, आणि शोध घेतला की एकच सापडते.

सगळेच रूपांतर होत नाही, हेही जाणून घ्यावे. फॅट-३२ मध्ये फाइलचा मालक कोण, याची नोंदच नसते. माउंट करणाऱ्यालाच मालक ठरवून द्यावा लागतो. तिथली वेळ दोन सेकंदांच्या टप्प्याने आणि स्थानिक घड्याळाने लिहिलेली असते. वाचणाऱ्या संगणकाने ती जागतिक वेळ मानली, तर भारतातल्या तारखा साडेपाच तासांनी सरकतात. फॅट-३२ वर चार गिगाबाइट किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही, म्हणून लग्नाची लांबलचक चित्रफीत पेन ड्राइव्हवर उतरत नाही. विंडोजची ‘फास्ट स्टार्टअप’ सोय चालू असेल, तर बंद केलेला संगणक खरे तर अर्धवट झोपलेला असतो आणि त्याची डिस्क अर्धवट नोंदींनिशी थांबलेली असते. अशा डिस्कवर लिहायला लिनक्स नकार देतो, आणि तो नकार हिताचाच असतो. वाचवायची डिस्क नेहमी ‘फक्त वाचन’ या पर्यायाने माउंट करावी, आधी पूर्ण नक्कल घ्यावी, दुरुस्तीचे प्रयोग त्या नकलेवर करावेत.

या सोयी आपोआप आल्या नाहीत. एनटीएफएसचा संपूर्ण आराखडा मायक्रोसॉफ्टने जाहीर केला नव्हता. स्वयंसेवकांनी डिस्कवरचे बाइट न्याहाळून, तर्क लावून, पुन्हा पुन्हा पडताळून तो उलगडला. बराच काळ लिनक्सवर एनटीएफएस वाचणे जमे, पण लिहिणे धोक्याचे होते. कर्नलच्या बाहेर राहून फाइल सिस्टिम चालवण्याची ‘फ्यूज’ ही सोय हंगेरीचे मिक्लोश सेरेदी यांनी घडवली आणि २००५ मध्ये ती लिनक्समध्ये आली. तिच्यावर उभा राहिलेला एनटीएफएस-३जी हा ड्रायव्हर २००७ मध्ये स्थिर झाला, आणि निर्धास्तपणे लिहिता येऊ लागले. पॅरागॉन कंपनीचा कर्नलमधला ड्रायव्हर आला तो २०२१ मध्ये. एक्सफॅटची कथा उलटी: ऑगस्ट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतः तिचा आराखडा प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी लिनक्समध्ये तिला जागा मिळाली. एका आराखड्याला अनेकांची दीडएक दशकाची मेहनत लागली, दुसऱ्याला काही महिने पुरले. फरक कौशल्याचा नव्हता. कागद उघडा होता की बंद, एवढाच होता.

कसबा बावड्यात १९८४ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि ‘माउंट’ हा ऑपरेटिंग सिस्टिमच्या अभ्यासातला नेहमीचा पाठ. तो परीक्षेपुरता राहू नये असे मनापासून वाटते. ही विद्या येणारे तरुण प्रत्येक पूरग्रस्त गावाला लागणार आहेत. आणि माउंट होणे ही पहिलीच पायरी आहे. फाइल हाती आली, पण आतला मजकूर युनिकोडपूर्वीच्या एखाद्या फॉन्टच्या संकेतांत असला, तर पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उमटतो. तिथे पुन्हा कोणीतरी संकेतांचा तक्ता जपून ठेवलेला असावा लागतो.

म्हणून ग्रामपंचायत, साखर कारखाना, शाळा, सहकारी संस्था यांनी नोंदी ठेवताना तीन गोष्टी पाळाव्यात. आराखडा जाहीर असलेल्या फाइल सिस्टिमवर आणि स्वरूप जाहीर असलेल्या फाइलींत नोंदी ठेवाव्यात. मजकूर युनिकोडमध्येच असावा. एक प्रत पूररेषेच्या वर, दुसऱ्या इमारतीत असावी. शेतकऱ्याचा हिशेब शेतकऱ्याचा आहे. तो वाचण्यासाठी अमुकच कंपनीचा संगणक लागावा, ही अट आपण मान्य करू नये.