सच्छिद्र जाळीदार अस्थी इम्प्लांट

सच्छिद्र जाळीदार अस्थी इम्प्लांट म्हणजे बारीक दांड्यांच्या किंवा पातळ वक्र भिंतींच्या जाळीने बनलेले, हाडात बसवले जाणारे कृत्रिम साधन होय. जाळीतील एकमेकांना जोडलेल्या छिद्रांत नवे हाड वाढून इम्प्लांट घट्ट बसावे, हा या रचनेचा हेतू असतो. खुब्याच्या कृत्रिम सांध्याची वाटी आणि दोन मणक्यांमध्ये बसवायचे आधार यांत तिचा वापर होतो.

पार्श्वभूमी

हाड त्यावर पडणाऱ्या भारानुसार आपली रचना बदलते, हा सिद्धांत जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. भार कमी झाला की हाड विरळ होते. दाट हाडाचा यंग गुणांक साधारण १५ ते २० गिगापास्कल, तर इम्प्लांटसाठी वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियम मिश्रधातूचा सुमारे ११० गिगापास्कल असतो. त्यामुळे भरीव धातू बराचसा भार स्वतःवर घेतो. भाराअभावी शेजारचे हाड झिजते, इम्प्लांट सैल होऊ शकते आणि पुन्हा शस्त्रक्रिया करताना आधाराला हाड कमी उरते.

रचना

छिद्रांमुळे धातूचा ताठरपणा घटतो. दांड्या वाकून भार पेलणाऱ्या जाळीत तो सापेक्ष घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून ७० टक्के सच्छिद्र जाळीचा गुणांक सुमारे १० गिगापास्कलपर्यंत उतरतो. मात्र ताकदही कमी होते.

छिद्रे १०० मायक्रोमीटरपेक्षा लहान असल्यास रक्तवाहिन्या व हाड आत शिरणे कठीण जाते. ती फार मोठी असल्यास पेशींना चिकटण्यासाठी पृष्ठभाग कमी मिळतो. त्यामुळे बहुधा ३०० ते ६०० मायक्रोमीटरची छिद्रे निवडली जातात. नासातील ॲलन शोएन यांनी १९७० मध्ये वर्णिलेल्या ‘जायरॉइड’ या अखंड वक्र पृष्ठभागावर आधारित जाळ्यांत टोकदार सांधे नसल्याने ताण एका जागी कमी साठतो.

निर्मिती

धातूच्या भुकटीचे पातळ थर लेसर किंवा इलेक्ट्रॉन शलाकेने एकावर एक वितळवून अशी जाळी तयार करतात. सीटी स्कॅनवरून रुग्णाच्या हाडाला जुळणारा आकारही देता येतो.

मर्यादा

न वितळलेले कण छिद्रांत अडकू शकतात. खडबडीत दांड्यांवर, चालताना वारंवार पडणाऱ्या भाराने, सूक्ष्म तडे जातात. सुरुवातीला इम्प्लांट हाडाच्या तुलनेत सुमारे १५० मायक्रोमीटरहून अधिक हलत राहिल्यास हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते. हाड आत वाढल्यानंतर जंतुसंसर्ग झाल्यास इम्प्लांट काढणे अवघड ठरते.