परमुलखातील पहिले आठ दिवस

दत्तकविधान आपल्याला नवे नाही. ज्या जयपूर शहराच्या निमित्ताने आज बोलावयाचे आहे, तेथील गादीच लागोपाठ दोन वेळा दत्तकाने चालली. १८८० मध्ये महाराजा रामसिंहांनी इसरदा येथील ठाकूर घराण्यातून कायमसिंहास घेतले, ते माधोसिंह झाले. १९२१ मध्ये माधोसिंहांनी त्याच घराण्यातून मोरमुकुटसिंहास घेतले, ते मानसिंह झाले. आपल्याकडील सयाजीराव गायकवाड आणि शाहू छत्रपती हेही दत्तकच. या सर्व प्रसंगी गादीला वारस हवा होता, येणारे मूल जाणते होते आणि विधी पार पडला की नाते सिद्ध झाले असे मानीत.

आता दृष्टी पालटली आहे. प्रथम पाहावयाचे ते मुलाला घर हवे आहे हे. दत्तकेच्छू पालकांची नोंद आता साऱ्या देशासाठी एकत्र होते. त्यामुळे पुण्याच्या दांपत्यास जयपूरच्या शिशुगृहातील बालक मिळू शकते. परदेशात स्थायिक झालेले मराठी जोडपेही त्याच दाराशी येऊन उभे राहते. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हादंडाधिकारी देतात. पण देशातील पालकांच्या हाती मूल बहुधा त्या आदेशापूर्वीच, संगोपनासाठी म्हणून, सोपविले जाते. म्हणजे कागद पुरा होण्याआधीच नात्याचा आरंभ होतो, आणि तोही परगावच्या एखाद्या खोलीत किंवा आगगाडीच्या डब्यात.

आईबापांच्या दृष्टीने हा क्षण अनेक वर्षांच्या प्रतीक्षेचे फळ असतो. दीड-दोन वर्षांच्या बालकाच्या दृष्टीने मात्र त्याच दिवशी सारे जग नाहीसे झालेले असते. ज्या बाईच्या हातून ते जेवले, ज्या पाळण्यात निजले, जी बोली कानावर पडली, ते सर्व एका दुपारी संपते. मातृवियोगाचा मुलांवर काय परिणाम होतो याविषयी जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्ये अहवाल लिहिला. पुढील वर्षी त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट तयार केला. ती मुलगी फारशी रडली नाही; परंतु तिचे ते शहाणपण म्हणजे दाबून धरलेले दुःख होते, हे त्या चित्रांतून स्पष्ट दिसले.

यातून पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मूल शांत आहे म्हणून ते रुळले असे समजू नये आणि रडते म्हणून आपल्याला नाकारते असेही मानू नये. जुन्या दाईसाठी आक्रोश करणाऱ्या मुलाला माया लावता येते, एवढे तर त्या आक्रोशावरून सिद्धच होते. अशी मुले पुष्कळदा दोघांपैकी एकालाच जवळ करतात. ज्याला दूर सारले जाते त्याने रुसू नये. जवळ बसून राहावे.

पहिल्या दिवसांत करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. शिशुगृहातून निघताना मुलाची झोपेची वेळ, खाण्याची सवय आणि तेथे त्याला कोणत्या नावाने हाक मारीत ते विचारून घ्यावे. नवे नाव ठेवावयाचे असले तरी जुनी हाक काही काळ चालू ठेवावी. अंगावरचे फडके किंवा चादर मिळाल्यास न धुता जवळ असू द्यावी. तो ओळखीचा वास मोठा आधार असतो. दलिया किंवा खिचडी जी सवयीची असेल तीच द्यावी. भाषेचा बाऊ करू नये. मुलाला हिंदी समजत असेल तर मोडकीतोडकी हिंदीच बोलावी. मराठी हळूहळू येते. जयपूरच्या बोलीतही आपल्यासारखे ण आणि ळ आहेत, आणि पाण्याला तेथेही पाणीच म्हणतात.

हवामहाल आणि आमेरचा किल्ला पुढे कधीतरी पाहता येईल. या दिवसांत बडी चौपडच्या गर्दीपेक्षा एक खोली आणि दोनच माणसे मुलाला पुरेशी आहेत. भरविणे, न्हाऊ घालणे, निजविणे ही कामे आईबापांनीच करावीत. घरी परतल्यावर आजी-आजोबांना मुलाला उचलून घ्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. त्यांनी थोडे दिवस धीर धरावा. येईल त्याच्या कडेवर जाणारे मूल गोड दिसते खरे, पण आपले माणूस कोण हे त्याला अजून उमगलेले नसते. नातेवाइकांचा मेळा आणि नामकरणाचा समारंभ महिन्या-दोन महिन्यांनी केला तर काही बिघडत नाही.

देशातल्या देशात घेतलेल्या मुलाची विचारपूस संस्था दर सहा महिन्यांनी, दोन वर्षेपर्यंत करते. काही पालकांना तो संशय वाटतो. वस्तुतः ते साहाय्य आहे. मूल बिचकते, रात्री दचकून उठते, जेवण तोंडात धरून बसते, हे सर्व तेथे मोकळेपणी सांगावे. शासन मुलाला आपले नाव आणि वारसाहक्क देऊ शकते. परंतु आपण हाक मारली की हेच माणूस येते, हा विश्वास मुलाला एकाच रीतीने मिळतो: त्याने हाक मारावी आणि त्याच माणसाने यावे, रात्री दोन वाजता आणि विसाव्या वेळीसुद्धा.